घेताना ‘फाइन’, विकताना ‘एक्सएफ’ : 1862 च्या एका रुपयाची प्रत ठरवायची कोणी?

पावली

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आईच्या देव्हाऱ्यात चांदीचा एक रुपया आहे. एका बाजूला मुकुट घातलेली राणी आणि ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरे. मागे वेलबुट्टीच्या चौकटीत ‘वन रुपी, इंडिया, 1862’. दर लक्ष्मीपूजनाला तो ताटात असतो, पंचामृताने न्हातो, हळदकुंकू लागते आणि पुन्हा डबीत जातो. यंदा आईने तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “आता तू सांभाळ. आणि याचं मोल काय ते एकदा विचारून ठेव.”

मी विचारायला गेले आणि गोंधळून परत आले. पहिल्या दुकानदाराने भिंग न लावताच सांगितले, “व्हीएफ, तोही धुतलेला. बाराशे देतो.” नाण्यांच्या प्रदर्शनात एका टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “एक्सएफ आहे. चार हजारांना जाईल. मी आत्ता तीन देतो.” तिसऱ्याने वजन केले आणि चांदीच्या भावाचा हिशेब मांडला. (‘फाइन’, मग व्हीएफ म्हणजे ‘व्हेरी फाइन’, मग एक्सएफ म्हणजे ‘एक्स्ट्रीमली फाइन’ या झिजेवरून ठरणाऱ्या चढत्या प्रती, एवढे मला इथे वाचून माहीत होते.)

तीन माणसे, तीन भाव, हे मी समजू शकते. पण निघताना पहिल्या दुकानदाराच्या ट्रेमध्ये याच छापाचा रुपया दिसला. राणीचा गाल सपाट झालेला, केसांची एकही बट उरलेली नाही, आणि चिठ्ठीवर लिहिलेले ‘एक्सएफ, 3500’. माझ्या रुपयावर बटा मोजता येतात! तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. ही प्रत ठरवतो कोण आणि कशावरून?

दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत. सोनाराच्या काट्यावर वजन 11.72 ग्रॅम भरले.

ढब्बू_पैसा

ताई, मी स्वतः व्यापारी आहे. छोटा आहे, पण चोवीस वर्षे हेच करतो, म्हणून आधी मीच बोलतो.

तुमची तक्रार खरी आहे. घेताना ‘फाइन’ आणि विकताना ‘एक्सएफ’ हा आमच्या धंद्याचा जुना रोग आहे. नाणे तेच, ट्रेही तोच, पण काउंटरच्या आतल्या बाजूला आले की प्रत दोन पायऱ्या चढते. मी असे करत नाही म्हणून ते होतच नाही, असे मी म्हणणार नाही.

पण भावातली तफावत वेगळी आणि प्रतीतली लबाडी वेगळी. दुकानाचे भाडे असते, प्रदर्शनातल्या टेबलाचे पैसे असतात, घेतलेला माल कधी कधी तीन-तीन वर्षे पडून राहतो. चार हजारांना विकता येईल असे नाणे मी अडीच-पावणेतीनला घेतले तर ती लूट नाही. लूट कधी? एक्सएफ नाण्याला तुमच्यासमोर व्हीएफ म्हणून बाराशे दिले आणि उद्या त्यावर एक्सएफची चिठ्ठी लावली तेव्हा. नफा भावातून काढावा, प्रतीतून काढू नये. माझ्या वडिलांनी मला एवढेच शिकवले.

फोटोवरून माझे मत: राणीची बाजू व्हीएफच्या वर आणि एक्सएफच्या जरा खाली. मागची बाजू सरळ एक्सएफ. धुतलेला आहे यात शंका नाही.

अधेली

म्हणूनच मी गेली सहा वर्षे स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने प्रत ठरवून बंद केलेल्या डबीत, नसलेले नाणे विकत घेत नाही. अमेरिकेतल्या अशा दोन मोठ्या कंपन्यांपैकी पीसीजीएस 1986 साली सुरू झाली, एनजीसी 1987 साली. दोघींचे तत्त्व एकच: प्रत देणारा माणूस ते नाणे विकतही नाही आणि विकत घेतही नाही. नाणे प्लॅस्टिकच्या बंद डबीत, वर अंक, वेबसाइटवर टाकून पडताळता येईल असा नोंदणी क्रमांक. पावलीताईंचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

गुलशनाबादकर

अधेली, तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन मंडळी त्या अंकाकडे तापमापकातल्या पाऱ्यासारखे बघतात.

1 ते 70 ही मोजपट्टी आली कुठून? विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती 1949 साली मांडली, तीही फक्त अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. त्याचा हिशेब असा होता की कसेबसे ओळखू येणारे नाणे 1 डॉलरचे असेल, तर तेच टांकसाळीतून आल्यासारखे निर्दोष असेल तेव्हा 70 डॉलरचे. म्हणजे 70 हा आकडा मुळात भावाचा! बाजार हलला, भावाचे ते गणित काही वर्षांतच निकामी झाले, अंक मात्र राहिले. आज आपण भांडतो की प्रत आणि किंमत वेगळ्या ठेवा, पण त्या पट्टीचा जन्मच किमतीच्या पोटी झाला आहे.

आणखी एक गोष्ट. याच शेल्डनने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट उचलून त्या जागी आपल्याकडचे हलके सेंट ठेवल्याचे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीला आले. प्रत पारखणाऱ्याच्या मनात मालकीची हाव आली की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्याकडचे. आपल्याकडे ‘पोतदार’ हे आडनाव आहे. सरकारी खजिन्यात येणारे प्रत्येक नाणे वाजवून, घासून, तोलून ‘हे चालेल, हे बट्ट्याने’ असे सांगणारा अधिकारी म्हणजे पोतदार. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, शेजारच्या मुलखातून आलेले आणखी वीस प्रकारचे रुपये एकाच बाजारात फिरत होते आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा होता. नुसती झीजच नव्हे, नाण्याचे वयसुद्धा भाव उतरवायचे. त्या वर्षीचा सिक्का पूर्ण भावाने, जुन्या वर्षांचा वटावाने. सराफांचे यात चांगलेच फावत असे. हा त्रास चुकवायला ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये 1793 च्या नियमाने मुघल बादशहा शाह आलमच्या राजवटीचे 19 वे वर्षच नाण्यावर कायम केले. पुढे कितीही वर्षे गेली तरी नाण्यावर सन 19 च.

सांगायचे इतकेच की ‘प्रत कोणी ठरवायची’ हा झगडा स्लॅबच्या दोनशे वर्षे आधीपासून आपल्या बाजारात आहे. आणि तेव्हाही लोकांना हवा होता तो व्यवहारात हितसंबंध नसलेला पारखी.

पावली

काका, किती छान लिहिलेत! आमच्या शेजारीच पोतदार राहतात, त्यांना वाचून दाखवते.

अधेली

काका, मग तोच तर माझा मुद्दा आहे. आजचा पोतदार म्हणजे ग्रेडिंग कंपनी. तिसरा माणूस.

दर्यापार

मी न्यू जर्सीत असतो, इथल्या क्लबात दर महिन्याला जातो, म्हणून स्लॅबची दुसरी बाजू सांगतो. इथे लोक स्लॅब फोडतात. एमएस 63 (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, झीज नसलेले) मिळालेले नाणे डबीतून काढून पुन्हा पाठवायचे, या वेळी 64 मिळेल या आशेने. कधी कधी मिळतेही. नाणे तेच, कंपनी तीच, फक्त त्या दिवशी भिंगामागचे डोळे वेगळे. 63 आणि 64 मध्ये भावाचा फरक दुप्पट असेल तर असे लोक करणारच. कारण त्या पातळीवर झीज नसतेच. लकाकी किती जिवंत आहे, गालावरची खरचट डोळ्यात भरते की झाकली जाते, यावर निकाल लागतो. तो निकाल अनुभवी असतो, प्रामाणिकही असतो, पण शेवटी ते मतच असते.

शिवाय नाण्याबरोबर आता डब्याही खोट्या निघू लागल्या आहेत. वेबसाइटवर क्रमांक टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ढब्बू_पैसा

एक व्यवहाराची बाजू. फी, विमा, जाण्यायेण्याचा खर्च धरला तर तीन हजारांच्या नाण्यासाठी स्लॅब परवडत नाही. आणि ताईंच्या रुपयाबाबत तर कायद्याचाच अडसर आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ग्रेडिंग करून परत आणणार असलात तरी पार्सल बाहेर जाते ते जातेच. ‘सगळेच पाठवतात’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. आणि शंभर वर्षांची ही रेषा दर वर्षी एक वर्ष पुढे सरकते, हेही ध्यानात असू द्या. जॉर्ज पाचव्याची नाणी एकेक करून तिच्यात येत आहेत.

अधेली

कायद्याचे मान्य. मी स्वतः इथेच स्लॅबमध्ये असलेले घेतो, बाहेर काही पाठवत नाही. पण एक सांगा, टेबलावरच्या गृहस्थांनी ‘एक्सएफ’ म्हटले आणि दुकानदाराने ‘व्हीएफ’, यात खरे कोण हे पावलीताईंनी कसे ओळखायचे? पोतदार कुठून आणायचा?

गुलशनाबादकर

स्वतःच व्हायचे. अवघड वाटते पण एका छापापुरते शिकायला दोन महिने पुरतात.

पावलीताई, दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या. दिवा एका बाजूला ठेवा, रुपया दोन बोटांनी कडेला धरा आणि उजेडात हळूहळू तिरका करा. या छापात सर्वांत उंच जागा कोणत्या? कानावरच्या बटा, भुवई, मुकुटाची कड आणि छातीवरच्या वस्त्राची नक्षी. झीज तिथून सुरू होते. नक्षीतली फुले वेगळी दिसतात पण त्यांचे माथे चपटे झालेत? व्हीएफ. माथ्यांवर नुसता पुसट घास, बाकी रेघा धारदार? एक्सएफ. फुले एकमेकांत मिसळून गेली? मग ‘फाइन’, चिठ्ठी काहीही म्हणो.

यानंतर लकाकी बघा. न घासलेल्या रुपयावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. चांदी राखेने, रांगोळीने, दंतमंजनाने घासली असेल तर तो फिरत नाही, सगळीकडे सारखी पांढरी चमक दिसते आणि भिंगाखाली एकाच दिशेला गेलेले केसासारखे ओरखडे मोजता येतात. अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत काळे उरलेले आणि मैदान पांढरेफटक, हीसुद्धा घासल्याची खूण.

तुमच्या फोटोत मला राणीच्या मानेसमोरच्या मोकळ्या जागेत तसे बारीक ओरखडे दिसतात. म्हणजे झिजेने एक्सएफच्या जवळ, पण घासलेला. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. पहिल्या दुकानदाराने दुसरीचा दंड पहिलीतून कापला, टेबलावरच्या गृहस्थांनी दुसरी सांगितलीच नाही.

ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्याला अंक देत नाहीत, ‘एक्सएफ डीटेल्स, क्लीन्ड’ असे लिहितात. मला ही पद्धत अंकांपेक्षा जास्त आवडते. कारण ती नाण्याची हकीकत सांगते.

शिवराई_वेडा

साताऱ्याहून नमस्कार. मी मुद्दाम थोडा वेगळा सूर लावतो, कारण ही सगळी चर्चा यंत्रावर छापलेल्या नाण्यांची चालली आहे.

माझ्या हातात आत्ता एक शिवराई आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. निदान तसे असायला हवे. प्रत्यक्षात मला दिसते ते ‘श्री’चा खालचा अर्धा, ‘राजा’ पूर्ण आणि ‘शिव’मधला ‘शि’. ‘व’ नाण्यावर कधी आलाच नाही. कारण ठसा मोठा होता आणि तांब्याची चकती लहान. चकतीही धड गोल नाही, एका अंगाला हातोड्याच्या घावाने चिरलेली. बिंदूंच्या वर्तुळातले सात ठिपके दिसतात. पण ‘राजा’ची अक्षरे बोटाला टोचतील इतकी उठावदार आहेत.

आता याला काय म्हणायचे? झीज जवळजवळ नाही, म्हणजे एक्सएफ. अर्धा मजकूर नाही, म्हणजे ‘फाइन’सुद्धा नाही. याच्या शेजारी माझी दुसरी शिवराई आहे, तिच्यावर तिन्ही ओळी पूर्ण आल्या आहेत, पण दीडशे वर्षे हातोहात फिरून अक्षरे गुळगुळीत झाली आहेत. जाणते संग्राहक या दुसरीलाच जास्त पैसे देतात. कोणत्याही अंकाला हे सांगता येणार नाही.

म्हणून आम्ही शिवराईवाले चार गोष्टी वेगळ्या बोलतो: ठसा किती उमटला, चकती कशी, झीज किती, पुट कसे. एक माणूस म्हणतो ‘राजा पूर्ण, छत्र पूर्ण, पति अर्धे, चकती चिरलेली, पुट तपकिरी आणि एकसारखे’. फोनवर एवढे ऐकले की मला डोळ्यांसमोर नाणे दिसते. ‘व्हीएफ 30’ ऐकून काहीच दिसत नाही.

आणि कृपा करून तांब्याचे नाणे चिंचेने घासू नका. तीनशे वर्षांचे तपकिरी पुट पाच मिनिटांत जाते आणि खालून गुलाबी उघडे तांबे वर येते. मी एका जाणत्या घरात असा सबंध डबा पाहिला आहे, पन्नास-साठ शिवराया, सगळ्या नव्या पातेल्यासारख्या चमकणाऱ्या. घरच्यांनी मोठ्या प्रेमाने मला दाखवायला घासून ठेवल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पावली

वाचून पोटात गोळा आला. मग देव्हाऱ्यातल्या रुपयाचे काय करू? आईला धुवू नको म्हणणे मला जमणार नाही.

गुलशनाबादकर

म्हणूही नका. तो रुपया देवाचा आहे, संग्रहात तो पाहुणा. साध्या पाण्याने न्हाऊ घाला, मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू मात्र नका. पंचामृतातले दही आणि मध ताटलीत देवाला, रुपयाला नुसता अक्षता-कुंकवाचा मान. आमच्याकडे गेली तीस वर्षे असेच आहे. आणि मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त अल्बममध्ये ठेवू नका, त्याचा चिकट हिरवा थर नाण्यावर बसतो.

दर्यापार

किंमत प्रतीखेरीज आणखी कशावरून ठरते याबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून मी सुरुवात करतो. मला वाटते आपण प्रतीवर जितके भांडतो त्याच्या अर्धे तरी दुर्मीळतेवर बोलायला हवे.

1918, 1919, 1920 या सालचे जॉर्ज पाचव्याचे रुपये बघा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची इतकी टंचाई झाली की अमेरिकेने 1918 साली पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि 20 कोटी औंसांहून जास्त चांदी विकली. तिचे रुपये झाले. म्हणून हे रुपये आजही घरोघरी आहेत. प्रत उत्तम असली तरी भाव चांदीच्या आसपास घुटमळतो. एका रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे पूर्ण एक तोळा, त्यात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. चांदी वर गेली की असे नाणे वितळवायलाच जाते.

याउलट 1939 चा रुपया. राणीची छाती, राजाचा कान, सगळे विसरा, तो झिजलेला असला तरी लोक रांगेत उभे असतात.

ढब्बू_पैसा

आणि म्हणूनच 1938 मधला 8 कोरून त्याचा 9 केलेले रुपये इतके दिसतात. 1939 घ्यायचा तर आधी शेवटचा आकडा भिंगाखाली बघा, मग राजाचा चेहरा. आकड्याभोवतीची जमीन खरवडल्यासारखी दिसली तर हात आखडता घ्या.

मागणीचे दुसरे उदाहरण 1911 चा. राजाच्या झग्यावरच्या माळेतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी बोंब झाली, सरकारने नाणी परत घेतली आणि 1912 पासून हत्ती सुधारला. बाजारात हा रुपया तसा मिळतो, पण गोष्ट एवढी प्रसिद्ध की प्रत्येक नव्या संग्राहकाला तो हवाच असतो. भाव चढतो तो गोष्टीमुळे.

पावलीताई, तुमच्या 1862 चेही असेच एक गुपित आहे. टांकसाळीने हे साल 1873 पर्यंत नाण्यावर तसेच ठेवले, 1874 पासून पुन्हा वर्ष बदलू लागले. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीने तारखेखाली आणि वरच्या फुलाच्या बुंध्याशी बारीक ठिपके टाकून खऱ्या वर्षाची खूण ठेवली. काही ठिपक्यांच्या जोड्या सहज मिळतात, काही वर्षानुवर्षे दिसत नाहीत. तुम्हाला भाव सांगणाऱ्या तिघांपैकी एकाने तरी ठिपके मोजले का?

पावली

नाही. कोणीच नाही. आत्ता भिंगातून बघितले, तारखेखाली काही नाही, वरही नाही.

ढब्बू_पैसा

म्हणजे साधा प्रकार. पण हे तुम्हाला सांगायला हवे होते.

अधेली

लिलावातले भाव हा एक चांगला आधार आहे असे मला वाटते. तिथे निदान दोन माणसांनी चढाओढ केलेली असते. पण हातोड्याचा भाव म्हणजे घेणाऱ्याने दिलेला भाव नाही, त्यावर कमिशन आणि कमिशनवर जीएसटी. आणि विकणाऱ्याच्या हातातही त्यातून कापूनच येते. मी माझ्या वहीत नेहमी तीन आकडे लिहितो: हातोडा, दिलेले, आणि विकले असते तर मिळाले असते ते.

‘टॉप पॉप’चा मोह मात्र मी सोडला. ‘जगात याहून वरच्या प्रतीचे एकही नाणे नाही’ अशी जाहिरात वाचून मी एकदा दुप्पट भाव दिला. खरा अर्थ इतकाच होता की त्या प्रकारची जेमतेम चार नाणी आजवर ग्रेडिंगला गेली होती. उरलेली सगळी घरोघरच्या डब्यांत आहेत, पावलीताईंच्या रुपयासारखी. दर्यापार आणि काका, या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूचा झालो आहे.

शिवराई_वेडा

एक विनंती. इथे नवीन येणाऱ्यांसाठी कोणीतरी व्हिडिओंत सांगितल्या जाणाऱ्या किमतींबद्दलही लिहा. माझ्या मामेभावाने 2012 चे वैष्णोदेवीचे पाचाचे नाणे ‘दहा लाखांना जाते’ म्हणून सांभाळून ठेवले होते आणि कोणा ‘खरेदीदारा’ला त्यासाठी नोंदणीचे पैसेही भरले. नाणे गेले नाही, पैसे गेले.

गुलशनाबादकर

2021 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल जाहीर सूचना काढली होती. बँक जुन्या नाण्यानोटांच्या अशा व्यवहारात पडत नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही आणि शुल्क मागत नाही. घेणारा खरा असेल तर तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही.

तीच गोष्ट राम-सीता-हनुमानाच्या चित्रांच्या ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ नाण्यांची. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. त्याची प्रत कितीही उत्तम असो, ते नाणेच नव्हे.

काटा_कसोटी

उशिरा आलो, माफ करा. कोल्हापूरच्या गुजरीत आमची चौथी पिढी सराफी करते. सगळा धागा वाचला आणि एका गोष्टीवर कोणीच थांबले नाही याचे नवल वाटले.

पावलीताई, वजन 11.72?

रुपया टांकसाळीतून बाहेर पडला तेव्हा 11.66 चा. त्यानंतर तो झिजतो, वाढत नाही. तुमच्या रुपयावर थोडी का होईना झीज आहे, म्हणजे 11.6 च्या आसपास किंवा त्याखाली भरायला हवा. सहा शतांश ग्रॅम जास्त आले कुठून? आधी काटा तपासा: दहा रुपयांचे चालू नाणे ठेवून बघा, 7.7 च्या आसपास दाखवले तर काटा ठीक. मग नाण्याची कड भिंगाखाली फिरवा. सगळीकडे उभ्या रेघा दिसतील. राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, त्या रेघा तुटतात का ते बघा.

ढब्बू_पैसा

अरे देवा. मी फोटोत मुकुटाच्या वरची कड जरा जाड पाहिली आणि उजेडाचा खेळ समजून पुढे गेलो. चोवीस वर्षे करूनही सुटले. काटा_कसोटी, मानले तुम्हाला.

पावली

मंडळी, हात थरथरतो आहे लिहिताना. काटा बरोबर आहे. आणि कडेच्या रेघा मुकुटाच्या वर तुटतात. तांदळाच्या दाण्याएवढी जागा, तिथे रेघाच नाहीत, राखाडी रंगाचा गुळगुळीत धातू आहे. फोटो टाकला आहे.

काटा_कसोटी

डाख, म्हणजे सांधायचा धातू. कडी लावलेली होती, ती कापून कानसीने घासून घेतली, पण डाख पूर्ण निघाला नाही. हा रुपया कोणाच्या तरी गळ्यात होता. चाफ्याच्या कळ्यांच्या माळा जशा, तशा आमच्याकडे रुपयांच्या, पावल्यांच्या माळा खूप व्हायच्या. पणजोबांच्या वहीत ‘रुपये 21, कड्या, ओवणावळ’ अशा नोंदी आहेत.

प्रतीच्या भाषेत याला ‘दागिन्यातून काढलेले’ म्हणतात आणि भाव निम्म्यावर येऊ शकतो. टेबलावरच्या गृहस्थांचे तीन हजार आता विसरायला हवेत. पहिल्याचे बाराशे, त्याने कारण चुकीचे दिले तरी, भाव म्हणून जवळपास बरोबर.

अधेली

म्हणजे भाव बरोबर आणि प्रत चूक. आणि दुसऱ्याची प्रत जवळपास बरोबर, भाव चूक. तिघांपैकी एकानेही नाणे हातात घेऊन कड फिरवली नाही.

पावली

काल रात्री आईशी बोलले. कड दाखवल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की माझ्या पणजीची, म्हणजे तिच्या आजीची, रुपयांची माळ होती. पणजी गेल्यावर लेकींमध्ये वाटणी झाली, प्रत्येकीला चार-पाच रुपये आले. आजीने स्वतःचे मुलांच्या शिक्षणाला मोडले, एकच ठेवला आणि देव्हाऱ्यात ठेवायचा म्हणून सोनाराकडून कडी काढून घेतली. आईला हे माहीत होते, पण ‘नाण्याचं मोल विचारायचं तर हे कशाला सांगायचं’ असे तिला वाटले.

मी विकणार नाहीये. पण डबीत चिठ्ठी लिहून ठेवली आहे, शिवराईवाल्यांच्या पद्धतीने: ‘राणीची बाजू व्हीएफच्या वर, मागची एक्सएफ, ठिपके नाहीत, घासलेला, बारा वाजता डाख, वजन 11.72, पणजीच्या माळेतला.’ काही राहिले असेल तर सांगा.

कऱ्हाडला मावशीआजींकडे त्या माळेतले चार रुपये अजून आहेत, कड्यांसकट. पुढच्या रविवारी भिंग आणि काटा घेऊन जाते आहे.

काटा_कसोटी

चिठ्ठी उत्तम. काही राहिले नाही.

कऱ्हाडला गेलात की कड्यांना हात लावू नका, आणि त्या कोणाला पॉलिशला देणार असतील तर हात जोडून थांबवा. चारही रुपयांची साले लिहून घ्या, 1862 असेल तर तारखेखालचे आणि फुलाजवळचे ठिपके मोजा, कडीसकट वजन वेगळे नोंदवा. फोटो कडीच्या बाजूनेही काढा. डाख कोणत्या प्रकारचा आहे यावरून माळ साधारण कुठल्या सोनाराच्या हातची असेल ते सांगायचा प्रयत्न करतो.

ढब्बू_पैसा

आणि ठिपके सापडले तर आधी इथे सांगा, मग बाजारात.